चोवीस मार्चचे गुरुजी

परवा वर्तमानपत्रात एक चौकट आली होती. मार्चातल्या त्या एका तारखेला आजवर सगळ्यात कडक ऊन कोणत्या साली पडलं, सगळ्यात गार दिवस कोणता, अवकाळी कधी झाली, असं सगळं ओळीने छापलेलं. नातसून मोठ्या हौसेने वाचून दाखवत होती. मी म्हटलं, “अंशांचं राहू दे गं. कातळावर कितीचा पाढा झाला, ते दिलंय का?” तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तिचं तरी काय चुकलं म्हणा! ज्यांनी ताम्हाणे गुरुजींना पाहिलं नाही, त्यांना हे कुठून कळायचं?

मी मूळची आटगावची. वडील रेल्वेत होते. मी फायनल पास झाले, ट्रेनिंग केलं आणि लोकल बोर्डाने मला नेमलं कुठे, तर मुरबाड तालुक्यात, म्हशाच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, सावरपाडा नावाच्या गावी. आई रडायलाच लागली. म्हसा तिला जत्रेपुरता ठाऊक होता. त्याच्यापुढेही माणसं राहतात, यावर तिचा विश्वास नव्हता. तर म्हशापर्यंत एसटी आणि तिथून बैलगाडी, मांडीवर वळकटी, असा माझा प्रवास. उन्हाने जीव नकोसा झालेला. गाडी शाळेच्या पटांगणात शिरली, तर समोर एक उंच, सुकडा माणूस धोतर खोचून उभा. एक हात वर, चिमटीत काहीतरी पांढरं. माझ्याकडे न बघताच त्याने दुसरा हात पुढे केला आणि ओरडला, “आहात तिथेच थांबा! धूळ खाली बसू द्या!”

मी गाडीतच बसून राहिले. गाडीवान म्हणाला, “बसा बाय गप. आज त्येंचा दिवस हाय.” धूळ बसली. मग त्या माणसाने चिमूट सोडली. सावरीच्या कापसाचा पुंजका होता तो. हवेत जरा घुटमळला आणि हळूहळू पूर्वेला, गावच्या खळ्यांच्या दिशेने निघून गेला. माणसाने समाधानाने मान हलवली, हातातली तपकिरीची डबी बंद केली आणि मला नमस्कार केला. “मी ताम्हाणे, इथला मुख्याध्यापक. या बाई. आज चोवीस मार्च ना, म्हणून जरा. एरवी मी माणसासारखा वागतो.”

हे काही अगदीच खरं नव्हतं, ते पुढे कळलं.

गुरुजी वाईकडचे. लग्न केलं नव्हतं की झालं नव्हतं, ते त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती, माझीसुद्धा नाही. ते सावरपाड्यात आले तेही असेच एका चोवीस मार्चला, माझ्या आधी पुष्कळ वर्षं. म्हशाहून चालत निघाले आणि भर वाटेत तडातडा गारा पडल्या. टोपीतून पाणी गळतंय, डोक्याला टेंगूळ आलंय, अशा अवस्थेत ते पाटलाच्या ओटीवर येऊन टेकले. कान्हू पाटील म्हणाला, “असं कदी होत नाय, गुरुजी. ह्या दिवसांत गारा? कदीच नाय!”

गुरुजींनी टोपी पिळता पिळता विचारलं, “मग मागच्या साली आजच्या दिवशी काय होतं?”

पाटील म्हणाला, ऊन. त्याचा भाऊ म्हणाला, ऊन कुठलं, ढग. तिसरा म्हणाला, मागल्या साली या सुमाराला आपली म्हैस व्यायली एवढं आठवतं, वर कोण बघत बसलंय? एवढ्यावरून त्या ओटीवर भांडण जुंपलं. गुरुजी मला सांगायचे, “बाई, सगळं गाव त्या दिवशी इथेच होतं. पण एकालाही तो दिवस धडपणे सांगता येईना. अहो, मग तो दिवस गेला कुठे? म्हटलं, सगळे दिवस काही आपल्याच्याने ठेवता यायचे नाहीत. एक तरी धरून ठेवू.”

आणि धरून ठेवला. शाळेच्या मागच्या भिंतीवर, गेरूने, दरसाल एक ओळ. अक्षर असं की छापखान्याने लाजावं. ‘सकाळी वारा नाही. दुपारनंतर पश्चिमेचा. आकाश स्वच्छ. कातळ सातावर. पाटलाच्या आंब्याला कैऱ्या सुपारीएवढ्या.’ दिवाळीत शाळेला चुना लावायचा तेव्हा मागची भिंत गुरुजी स्वतः रंगवत. प्रत्येक ओळीच्या कडेकडेने कुंचला फिरवायचा, एका अक्षराला शिंतोडा लागू द्यायचा नाही. मी म्हणायचे, “गुरुजी, एवढ्या मायेने कुणी पोराला न्हाऊ घालत नाही हो.” ते म्हणायचे, “पोरं हलतात.”

आता तो कातळ. पटांगणात एक सपाट काळा दगड होता. चोवीस मार्चला भर दुपारी गुरुजी वहाणा काढून त्या दगडावर उभे राहत. वर्गात मुलं मोठ्याने पाढे म्हणू लागत, बेपासून. ज्या पाढ्याला गुरुजींच्याने उभं राहवेना तो त्या वर्षाचा आकडा. कातळ सातावर म्हणजे साताच्या पाढ्याला गुरुजींनी उडी मारली. उष्णतामापक मागवायला बोर्डाने नकार दिला होता, म्हणून ही सोय. मी एकदा म्हटलं, “मुलं पाढे कधी भराभर म्हणतात, कधी रेंगाळतात. मग हिशेब चुकत नाही का?” ते दुखावले. “माझी मुलं रेंगाळत नाहीत,” म्हणाले.

एका साली नेमके त्याच दिवशी दिपोटी आले. शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी साहेबांना सगळे दिपोटीच म्हणत. कोट, बूट, घोड्यावरून आल्याचा घाम. पाहतात तो मुख्याध्यापक अनवाणी दगडावर उभे, डोळे मिटलेले, आणि आत मुलं बेंबीच्या देठापासून पाचाचा पाढा म्हणताहेत. माझी तर पाचावर धारण बसली. गेली आता दोघांची नोकरी! साहेबांनी विचारलं, “हा काय प्रकार आहे?” गुरुजींनी डोळे न उघडताच सगळं समजावून सांगितलं, सहाच्या पाढ्याला उडी मारली आणि मग वाकून नमस्कार केला. साहेब काही वेळ त्या दगडाकडे बघत उभे राहिले. आणि काय सांगू, माणसाने बूट काढले! मोजे काढले! “म्हणा रे पाढे,” म्हणाले. चारावर साहेब असे उडाले की त्यांची हॅट कुंपणात. गुरुजींनी भिंतीवर लिहिलं, ‘कातळ सहावर. दिपोटी चारावर.’ शाळेचा शेरा त्या साली उत्तम मिळाला.

गंमत म्हणजे उरलेल्या वर्षात या माणसाला हवेशी कर्तव्य नव्हतं. आभाळ गच्च भरून आलं तरी छत्री घ्यायचे नाहीत, चिंब होऊन यायचे. मी म्हणायचे, “एवढं दिसत होतं की हो वर!” तर म्हणायचे, “आज माझी तारीख नाही.” मात्र कुणी त्यांच्यासमोर ‘असं कधी झालं नाही’ म्हणायची खोटी, की ते वळलेच. हरबऱ्याच्या डाळीत खडा निघाला तरी पाटलीण म्हणायची, “असं कदी होत नाय, गुरुजी.” लगेच गुरुजींचं सुरू, “कधी म्हणजे कधी?” उकाडा वाढला, “असला उकाडा कदी नव्हता.” “कधी म्हणजे कधी?” सगळं गाव त्यांची नक्कल करायचं. पोरं खेळताना भांडली तरी एकमेकांना हेच विचारायची.

पण हळूहळू त्या भिंतीची गावाला सवय झाली होती. लोक सालं ओळखायला लागले. गारांचं साल. दिपोटीचा पाय भाजला ते साल. एखादी बाई कडेवर पोर घेऊन यायची, “गुरुजी, आमची गंगी दिपोटीच्या साली झाली. तवा हवा कशी होती गो?” असं बायकांशी बोलतात तसंच गुरुजींशीही बोलायची. गुरुजी भिंतीपुढे उभे राहून गंभीरपणे वाचून दाखवायचे आणि ती समाधानाने घरी जायची. आपल्या आयुष्यातला एक दिवस कुणीतरी नीट ठेवलाय याचं त्या बायांना बरं वाटत असावं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि मग राबाचं साल आलं.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर राब भाजतात. शेण, पालापाचोळा, ऐनाचा टहाळ, गवत असं थरावर थर रचायचं, वर मातीचा पातळ हात फिरवायचा आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघाली की रोप जोमाने येतं. पण पेटवायचं ते वारा नसताना. आणि तरी वारा आलाच तर तो जिकडे जाईल तिकडे माणसं ओल्या डहाळ्या घेऊन उभी करायची, ठिणगी पडली की झोडपायला. सावरपाड्यात जो तो आपल्या मनाने भाजायचा. त्या साली मात्र फार भानगडी झाल्या. मधेच ढग यायचे, एकाचा राब अर्धा भिजला, एकाच्या ठिणगीने दुसऱ्याचा रचलेला राब आधीच पेटला, दोन भाऊ कोयते घेऊन उठले. तेव्हा कान्हू पाटील संध्याकाळी गावातली चार माणसं घेऊन शाळेत आला आणि भिंतीपुढे उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं.

“गुरुजी, सगळ्यांनी एकाच दिवशी भाजायचं ठरतंय. तुमचा चोवीस धरावा म्हणतो. वारा कसा असतो त्या दिवशी?”

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतकी वर्षं लोक त्यांच्या भिंतीकडे गंमत म्हणून यायचे. कामासाठी कुणी विचारलं ते पहिल्यांदाच. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. गारांचं साल त्यांनी वगळलं, कारण तेव्हाचा सकाळचा वारा त्यांनी पाहिलाच नव्हता. मग म्हणाले, “सकाळी वारा नसतो. दुपारनंतर येतो, तो पश्चिमेचा. सकाळी नाही. कधीच नाही.”

पाटील खूश होऊन गेला. तिथे आम्ही इतकीजणं होतो, पण ‘कधी म्हणजे कधी?’ असं एकानेही विचारलं नाही.

चोवीस तारखेला सकाळी शाळेला सुट्टीच दिली. शेतात सगळं गाव जमलेलं. गुरुजी धुतलेलं धोतर नेसून आले होते. त्यांनी डबी उघडली, पुंजका सोडला. तो सरळ त्यांच्या पायाशी पडला. लोकांनी “पडला रे पडला!” म्हणून ओरडा केला. पूर्वेला खळी होती, तिथे पेंढ्याच्या उडव्या, म्हणून सगळी माणसं डहाळ्या घेऊन त्या बाजूला उभी राहिली. पश्चिमेला बांधापलीकडे कातकरवाडी. तिथे कोण उभं राहणार? वाडी तर रिकामीच होती. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाला येतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

वाडीतल्या कडेच्या घरातली ठमा मात्र गेली नव्हती. तिची शेळी गाभण होती. लेक आणि जावई खर्डीच्या बाजूला भट्टीवर गेले आणि ठमा मागे राहिली. दिवसभर मोहाची फुलं वेचायची, सुकवायची, शेळी राखायची. ती वाडीत आहे हे गावातल्या बायकांना ठाऊक होतं. पुरुषांना कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी कुणी विचारलं नाही.

राब छान पेटले. धूर उभा वर चालला होता. आणि एकाएकी तो वाकला. घाटावरून असा वारा सुटला की मला पदर सावरता येईना. पूर्वेचा वारा! माणसं होती तिथून धावत निघाली, पण मधे सगळा धूर आणि आग. ठिणग्या बांधावरून वाळक्या गवतात पडल्या आणि बघता बघता कातकरवाडीच्या कडेच्या घराचं छप्पर भडकलं. कारवीचं कूड आणि गवताचं छप्पर ते, त्याला किती वेळ लागणार! आम्ही पोचलो तेव्हा मधली मेढ तेवढी जळत उभी होती. मग तीही पडली.

ठमा रानातून धावत आली, एका हातात शेळीचं दावं, डोक्यावर फुलांची पाटी. ती रडली नाही. पाटी खाली ठेवली आणि पडलेल्या मेढीकडे बघत राहिली. मेढ म्हणजे घर ज्यावर तोललेलं असतं तो मधला खांब. तो तिच्या नवऱ्याने रानातून खांद्यावर आणून रोवला होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

गुरुजी तिच्यापुढे गेले. हात जोडले. ती म्हणाली, “वारा काय तुमी सोडला, गुरुजी?” आणि जळक्या गवतात हात घालून मडकी चाचपायला लागली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुरुजी पुढे कितीदा तरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेळी घेऊन ती लेकीकडे भट्टीवर निघून गेली.

मला वाटलं, या साली भिंतीवर ओळ नाही. पण चोवीसच्या संध्याकाळीच गुरुजी गेरू कालवून आले होते. आणि लिहिलं, ‘सकाळी वारा नाही. राब पेटल्यावर घाटाकडून मोठा वारा. ठमा कातकरणीचं घर जळालं. वारा नसतो असं सांगणारा मी.’

कान्हू पाटलाला कुणीतरी ते वाचून दाखवलं. तो धावत आला. “पुसा ते, गुरुजी! पेटवलं आमी, विचारलं आमी. तुमच्या एकट्याचं नाव कशाला? उद्या दिपोटी बघेल!”

गुरुजी म्हणाले, “पाटील, आजवर जे झालं तेच इथे लिहिलं. आज झालं ते कसं गाळू?”

पाटील तरातरा निघून गेला. पण आठवड्याने तोच माणसं घेऊन वाडीत आला. गावाने कारवी दिली, गवत दिलं, घर उभं करायला घेतलं. मेढीसाठी ऐनाचं लाकूड पाटलाने दिलं. पण खड्डा खणून मेढ रोवायची ती मी, असा गुरुजींनी हट्ट धरला. खडू धरणारे हात ते! पहारीने तळव्याला फोड आले. मेढ रोवली ती एका बाजूला कललेली. लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्याच कललेल्या मेढीवर छप्पर चढलं.

घर झालं, पण घरवालीचा पत्ता नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत मी आटगावला होते, तर एक दिवस गुरुजी दारात हजर. “बाई, खर्डीच्या भट्ट्या कुठे असतात, तुमच्या वडिलांना माहीत असेल.” मी त्यांच्याबरोबर गेले. खर्डीला उतरून रानात बरंच चालल्यावर धूर दिसला. गुरुजी धूर बघून थबकले, मग चालू लागले. ठमा भट्टीवर माती लिंपत होती. सगळी काळी, नुसते डोळे ओळखू येत होते. तिने आम्हाला पाणी दिलं.

“घर उभं केलंय,” गुरुजी म्हणाले. “तू ये.”

“येन का नाय ते बघू. पुढल्या साली राब भाजणार ना?”

“भाजावा तर लागणारच.”

“मंग? वारा येल का नाय पुढल्या साली? तेवढं सांगा.”

गुरुजींनी टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, “ते मला सांगता येत नाही.” मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. “पण ज्या दिवशी भाजतील, त्या दिवशी मी तुझ्या दारात असेन. पाणी घेऊन.”

ठमाने माझ्याकडे बघितलं. “खुळा हाय का गो ह्यो, बाय?” मी म्हटलं, “हो. पण खोटं नाही बोलत.” ती परत माती लिंपायला गेली. परतीच्या वाटेवर गुरुजींनी मला तीनतीनदा विचारलं, “येईल ना हो ती?” मला काय ठाऊक! मी आपलं “येईल, येईल” म्हणत राहिले.

पावसाळ्याच्या तोंडाला भट्टीवरची माणसं परतली आणि त्यांच्यात ठमा होती. मागे शेळी, शेळीमागे दोन करडं. घरात शिरली आणि लगेच बाहेर आली. “मेढ वाकडी हाय! कुनी रोवली?”

“मी,” गुरुजी म्हणाले.

तेव्हा मात्र ती अशी हसली की अंगणातच बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर त्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना, तेव्हा आम्ही सगळे तिथून निघालो.

पुढच्या साली गुरुजी पाटलाला म्हणाले, “यंदा मला दिवस विचारू नका.” पाटील म्हणाला, “कुठलाबी दिवस धरला तरी वारा यायचा तर येनारच. तुमच्या दिवशी निदान सगळे जागे असतात. चोवीसच राहू द्या.” म्हणून भाजणी चोवीस मार्चलाच राहिली. फरक एवढा की आता माणसं चहूबाजूंनी उभी राहू लागली आणि आधी कातकरवाडीत जाऊन कोण घरात आहे ते बघून येऊ लागली. गुरुजी कातळावर उभे राहिनात. कापूस सोडायचे तो ठमाच्या अंगणातून. ठमा त्यांना बसायला पाट द्यायची, आणि आल्यागेल्याला मेढ दाखवायची. “बगा, आमच्या गुरुजींची शाळा.”

पुढे माझं लग्न झालं, बदली होऊन मी शहापूरला आले. लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली. सावरपाड्याच्या बातम्या म्हशाच्या जत्रेत कुणी भेटलं तर कळायच्या. गुरुजी निवृत्त झाले, पण वाईला परत गेले नाहीत, पाटलाच्या पडवीत राहतात, असं ऐकलं. मग एका चोवीस मार्चला मनाने घेतलं आणि मी गेले.

आधी शाळेत गेले. शाळा नवी झाली होती, कौलं नवी, भिंती सिमेंटच्या. मागची भिंत गुळगुळीत पांढरी. गारा गेल्या, दिपोटी गेले, सुपारीएवढ्या कैऱ्या गेल्या. नवे हेडमास्तर तरुण होते, सभ्य होते. त्यांना काही माहीतच नव्हतं. मी तडक कातकरवाडीत गेले.

घर तसंच कललेलं उभं होतं. दारात चार हंडे भरून ठेवलेले, आणि पाटावर गुरुजी, मांडीवर ओली डहाळी. किती वाळले होते! मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, “बसा हो. तुमची भिंत पाहून आले. मला फार वाईट वाटलं, गुरुजी.”

“मलाही वाटलं,” ते म्हणाले. “दोन दिवस जेवलो नाही. पण पाडली त्या दिवशी माझी तारीख नव्हती.” आणि स्वतःच हसले.

शेतात राब पेटायला लागले होते. गुरुजींनी डबी काढली, पण चिमटीत कापूस काही येईना. ठमा आतून आली. तीही म्हातारी झाली होती. तिने त्यांच्या हातातून डबी घेतली, पुंजका काढला, हात वर केला आणि सोडला. तो पुंजका जरासा वर गेला आणि घराच्या दिशेने सरकला. गुरुजी ताडकन उठले. गुडघे वाजलेले मला ऐकू आले. एका हाताने डहाळी हंड्यात बुचकळली आणि ते अंगणाच्या कडेला, धुराकडे तोंड करून जाऊन उभे राहिले. ठमा हंडा घेऊन त्यांच्या शेजारी. धूर आला, डोळे चुरचुरले. पण ठिणगी बांधापर्यंतसुद्धा आली नाही. हळूहळू धूर परत सरळ झाला.

माझी एसटी चुकली असती, म्हणून मी निघाले. बांधापर्यंत गेले आणि मागे बघितलं. ठमा हंडा खाली ठेवत होती.

“बसा आता, गुरुजी,” ती म्हणत होती. “पडला वारा. आता नाय उठायचा कदी.”

“कधी म्हणजे कधी?” गुरुजी म्हणाले, आणि डहाळी पुन्हा पाण्यात बुचकळून उभेच राहिले.